बंबातील पाणी संपण्याआधी: हायड्रंट नसलेल्या गावात आगीपर्यंत पाणी पोहोचवण्याची पद्धत

खेड्यात हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे रस्त्यावरील नळाचे तोंड, नसते. गावात आग लागली की तालुक्याच्या ठिकाणाहून किंवा जवळच्या साखर कारखान्यातून बंब येतो, काही मिनिटे पाणी मारतो आणि पाणी संपले म्हणून भरायला निघून जातो. तो परत येईपर्यंत विझत आलेली कडब्याची गंजी पुन्हा पेट घेते आणि शेजारच्या गोठ्यालाही धरते. वास्तविक बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावर विहीर असते, शिवारात भरलेले शेततळे असते आणि वस्तीच्या मध्यभागी पाण्याची उंच टाकीही असते. पाणी असते, परंतु ते आगीपर्यंत अखंड येत राहील अशी मांडणी नसते. ही मांडणी आगीच्या दिवशी करता येत नाही, ती आधीच करून ठेवावी लागते. ती कोणत्या क्रमाने करावी आणि तिच्यात हमखास चुका कोठे होतात, ते येथे सविस्तर दिले आहे.

प्रथम एक हिशोब पक्का ध्यानात ठेवावा. बंबाच्या टाकीत साधारण 4,500 लिटर पाणी असते. 12 मिलिमीटरच्या नोझलमधून नोझलपाशी 4 किलोंचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 4 किलो) दाब असताना मिनिटाला सुमारे 200 लिटर पाणी जाते. दोन फवारे सुरू असतील तर टाकी अकरा-बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणून ‘गावात पाणी किती आहे’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘आगीपाशी मिनिटाला किती लिटर पाणी येत राहील’ हे विचारावे आणि प्रत्येक टप्प्याचे उत्तर याच मापात काढावे.

टप्पा 1: पाण्याच्या जागांची नोंद करणे

ग्रामपंचायतीत बसून यादी करू नये. दोन-तीन जणांनी प्रत्यक्ष फिरून, दोरी आणि टेप घेऊन ती करावी, आणि तीही मे महिन्यात करावी. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर पाहून केलेली यादी उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही, आणि कडबा, पाचट व वाळलेले गवत यांच्या आगी तर नेमक्या फेब्रुवारी ते मे या काळातच लागतात.

विहिरीच्या बाबतीत काठापासून पाण्यापर्यंतची उभी खोली सर्वांत महत्त्वाची असते. काठावर उभा असलेला कोणताही पंप पाणी ‘ओढतो’ तो हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि या ओढीला निसर्गाची मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ती हिशोबाने सुमारे 10.3 मीटर आहे. पठारावर 600 मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब कमी असल्याने ती साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि जोडण्यांतील गळती, नळीतील घर्षण व पंपाची झीज वजा जाता प्रत्यक्षात सहा मीटरच धरावे. पाणी दहा-बारा मीटर खाली असेल तर बंब कितीही नवा असला तरी त्या विहिरीतून पाणी घेऊ शकत नाही. अशा विहिरीची नोंद ‘फक्त पाणबुडी मोटरने’ अशी करावी.

शेततळे हा उत्तम साठा आहे. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे तळे पूर्ण भरलेले असताना त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी असते आणि पाण्याची पातळी जमिनीपासून फारशी खाली नसते. अडचण असते ती तिथपर्यंत जाण्याची. भरलेला 10,000 लिटरचा टँकर म्हणजे दहा टन पाणी आणि शिवाय गाडीचे वजन. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर एका वळवाच्या पावसानंतर तो चाकाच्या आसापर्यंत रुततो. म्हणून तळ्यापासून मुरमाच्या कठीण जागेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे.

कालव्याला पाणी केवळ आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीच्या, दिवसांत असते, आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतील तर तेथे साठा नसतो. या दोन्हींची नोंद महिन्यांसह करावी. कोकणात खाडीचे पाणी आगीला चालते, मात्र ओहोटीची पातळी पाहूनच जागा ठरवावी आणि वापरानंतर पंप गोड्या पाण्याने धुवावा.

*तपासणी:* प्रत्येक जागेपुढे पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मे महिन्यातील पातळी, गाडी उभी राहण्याची जागा, वळण्याची जागा, पंप कोणता, आणि किल्ली कोणाकडे. पंपघराच्या कुलपाची दुसरी किल्ली पोलीस पाटलांकडे किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी.

टप्पा 2: पंपाचा खरा उपसा मोजणे आणि विजेचा प्रश्न सोडवणे

पंपावर लिहिलेल्या अश्वशक्तीवरून उपसा ठरवू नये. 200 लिटरचा लोखंडी बॅरल पाईपखाली ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते पाहावे. वीस सेकंद लागले तर मिनिटाला 600 लिटर, चाळीस सेकंद लागले तर 300 लिटर. ही मोजणी पंप पंधरा-वीस मिनिटे चालल्यानंतर पुन्हा करावी, कारण अनेक विहिरी सुरुवातीला जोरात देतात आणि पातळी खाली गेल्यावर उपसा निम्म्यावर येतो.

आता ज्या चुकीमुळे सगळी तयारी फुकट जाते ती सांगतो. आग लागल्यावर पहिला फोन लाईनमनला जातो आणि वीज बंद केली जाते. ते योग्यच आहे, कारण तारा जिवंत असताना पाणी मारणे जिवावर बेतते. परंतु वीज बंद होते ती संपूर्ण फीडरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीची), आणि त्याच फीडरवर विहिरीची मोटर असेल तर पाणीही त्याच क्षणी बंद पडते. शिवाय शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसाचे काही तासच, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. म्हणजे आग लागेल त्या वेळी मोटर चालेलच याची खात्री नसते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला असा की लाईनमनबरोबर बसून कोणत्या वस्तीची वीज कोणत्या डीपीवरून (वस्तीजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तोडता येते आणि पाणी भरण्याच्या जागेची मोटर कोणत्या डीपीवर आहे, हे कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे आगीच्या वेळी ‘अमुक डीपी बंद करा’ असे नेमके सांगता येते. दुसरा उपाय म्हणजे विजेवर अवलंबून नसलेला एक पंप. गावात कोणाकडे तरी डिझेल इंजिनचा किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा पंप असतोच. खोल विहिरीसाठी जनरेटर लागेल, आणि 5 अश्वशक्तीची मोटर सुरू होताना जास्त करंट घेत असल्यामुळे त्यासाठी साधारण 15 केव्हीएचा जनरेटर धरावा.

इशारा: पाणी खोल आहे म्हणून डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. त्याचा धूर विहिरीतच साचतो आणि त्यातील विषारी वायूने उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरणाऱ्या दुसऱ्याचीही तीच गत होते.

टप्पा 3: जोडण्या एकमेकींत बसतात का, हे पाहणे

एका वस्तीवरील आगीत 12,000 लिटरचा भरलेला टँकर बंबाशेजारी येऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे. टँकरच्या मागे दोन इंची व्हॉल्व्ह होता, त्याला आट्यांचे तोंड होते. बंबाच्या होजला 63 मिलिमीटरचे दाबून बसणारे कपलिंग होते. दोन माणसे सायकलच्या ट्यूबने ती तोंडे एकमेकांना बांधत होती, आणि दाब आला की ट्यूब सुटून पाणी त्यांच्याच तोंडावर उडत होते. तेवढ्या वेळात वीस पावलांवर गोठ्याचे आढे खाली आले. जो जोड त्या दिवशी हवा होता, तो नंतर लेथवर एका दिवसात तयार झाला.

म्हणून प्रत्येक पंपाच्या आणि टँकरच्या तोंडाचे माप घेऊन जोड आधीच करून घ्यावेत: एका बाजूला त्या व्हॉल्व्हचे आटे, दुसऱ्या बाजूला 63 मिलिमीटरचे मादी कपलिंग, म्हणजे ज्यात दुसरे टोक आत बसते ते. होजचे नर टोक पंपाच्या किंवा टँकरच्या बाजूला बसते, त्यामुळे जोडाला मादी कपलिंगच हवे. ज्या अग्निशमन केंद्राचा बंब आपल्याकडे येतो, तेथे तयार जोड घेऊन जाऊन तो प्रत्यक्ष बसवून पाहावा. मापे जुळली म्हणजे जोड बसेलच असे नाही.

टँकरचा व्हॉल्व्ह दोन इंची असेल तर तो चार इंची करून घ्यावा. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि रिकामे होण्याचा वेळ साधारण चौथ्या भागावर येतो. नवा टँकर घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे, आणि तरीही ग्रामसभेत टँकरचीच मागणी होते याचे मला वाईट वाटते.

गावच्या उंच टाकीलाही जमिनीलगत, व्हॉल्व्हसह, 63 मिलिमीटरचे एक तोंड काढून घ्यावे. बारा मीटर उंचीच्या टाकीतून सव्वा किलोच्या आसपास दाब मिळतो. फवारा मारायला तो अपुरा आहे, पण टँकर आणि बंब भरायला पुरेसा आहे, आणि त्यासाठी वीज लागत नाही.

अंतर असेल तर तुषार सिंचनाचे पाईप उपयोगी पडतात. सहा मीटरचे तुकडे क्लॅम्पने पटापट जोडले जातात आणि ते जवळजवळ प्रत्येक शिवारात असतात. पाईपवर दाबाची जी मर्यादा छापलेली असते तिच्या आत राहूनच ते वापरावेत, आणि फक्त टाकी भरण्यासाठी वापरावेत. नोझलला जोडू नयेत. घर्षणाचा अंदाज असा: 63 मिलिमीटरच्या होजमधून मिनिटाला 450 लिटर पाणी नेताना शंभर मीटरला सुमारे 0.9 किलो दाब खर्ची पडतो, आणि पाणी दुप्पट नेल्यास हा तोटा जवळपास चौपट होतो. चढ असेल तर दर दहा मीटर उंचीला आणखी एक किलो.

टप्पा 4: सक्शन नळी लावण्याचा सराव

सक्शन नळी म्हणजे एक टोक पाण्यात सोडून पंपाकडे पाणी ओढणारी नळी. तळ्यावर पंप सुरू आहे, इंजिन ओरडते आहे आणि पाणी येत नाही, हे दृश्य फार वेळा दिसते. कारण बहुधा चारांपैकी एक असते. जोडणीतील रबरी वॉशर सुकलेला असतो आणि तेथून हवा शिरते. नळीच्या खालच्या टोकाला, पाणी परत जाऊ न देणाऱ्या फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकलेली असते, त्यामुळे भरलेले पाणी परत खाली जाते. नळी मध्येच पंपापेक्षा उंच गेलेली असते आणि त्या उंचवट्यात हवा कोंडते. किंवा नळीच्या टोकाची जाळी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असते आणि भोवऱ्यातून हवा ओढली जाते.

जाळी पाण्याखाली किमान 60 सेंटिमीटर आणि तळापासून 30 सेंटिमीटर वर राहावी. त्यासाठी वीस-पंचवीस लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घट्ट बूच लावून दोरीने वर बांधावा, म्हणजे जाळी त्या खोलीवर तरंगत राहते. गाळ आणि शेवाळ असेल तर जाळी भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये बांधून सोडावी. शेततळ्यात हा क्रेट अत्यावश्यक आहे, अन्यथा जाळीच्या कडेने तळ्याचा कागद (आत अंथरलेले प्लास्टिक) फाटतो आणि आपल्या उपयोगी पडलेल्या शेतकऱ्याचे वर्षाचे पाणी जमिनीत जाते.

इशारा: शेततळ्याचा ओला कागद अतिशय निसरडा असतो. एकदा पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला गाठी मारलेला दोर पक्का बांधून तो पाण्यापर्यंत सोडल्याशिवाय कोणालाही उतारावर जाऊ देऊ नये. रात्री उजेड नसेल तर जाळी काठावरून दोरीनेच सोडावी.

टप्पा 5: आगीजवळची टाकी

टँकर थेट बंबाला जोडून उभा ठेवणे ही सोयीची वाटणारी चूक आहे. बंब जेवढ्या सावकाश पाणी घेतो, तेवढा वेळ टँकर अडकून पडतो आणि पुढची खेप उशिरा निघते. त्याऐवजी आगीपासून सुरक्षित अंतरावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला तात्पुरती टाकी उभी करावी. टँकरने तिच्यात पाणी ओतून लगेच परत फिरावे, आणि बंबाने सक्शन नळी टाकीत सोडून तेथून पाणी घेत राहावे.

ही टाकी गावातील वेल्डिंगच्या दुकानात तयार होते. लोखंडी नळ्यांच्या चार चौकटी, कोपऱ्यांत खिळीने जोडता येतील अशा, आणि आत शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद. 3 मीटर बाय 3 मीटर आणि 75 सेंटिमीटर उंच अशा टाकीत सुमारे 6,700 लिटर पाणी मावते. मात्र भरल्यावर तिच्या एकेका बाजूवर जवळपास 840 किलो वजनाइतका जोर येतो. कारागिराला हे आधी सांगावे आणि टाकी प्रथम पटांगणात भरून चौकट वाकते का ते पाहावे. चौकट नसेल आणि जेसीबी जवळ असेल तर 3 मीटर बाय 3 मीटरचा सव्वा मीटर खोल खड्डा काढून त्यात कागद अंथरला तरी दहा हजार लिटरची सोय होते. खड्ड्याभोवती लगेच दोर बांधावा, कारण धुरात आणि अंधारात माणूस त्यात पडतो.

टप्पा 6: खेपांचा हिशोब

एका टँकरमुळे मिनिटाला किती पाणी मिळते हे काढण्यासाठी टँकरची क्षमता एका पूर्ण खेपेच्या मिनिटांनी भागावी. भरायला 20 मिनिटे, जायला 8, ओतायला 10 आणि यायला 8, अशी 46 मिनिटे लागत असतील तर 10,000 लिटरचा टँकर मिनिटाला सुमारे 217 लिटर देतो, म्हणजे जेमतेम एक फवारा. दोन टँकर दोन फवारे चालवतील. तिसरा लावला तर तीन चालतील असे वाटते, पण तसे होत नाही: भरण्याच्या जागेचा पंपच मिनिटाला 500 लिटर देत असल्याने तिसरा टँकर रांगेत थांबतो. तेथे टँकर नव्हे, भरण्याची दुसरी जागा लागते. उलट भरण्याचा वेळ 20 वरून 10 मिनिटांवर आणला तर तोच टँकर मिनिटाला 278 लिटर देऊ लागतो.

*तपासणी:* पहिला टँकर बंबाचे पाणी संपण्याआधी, म्हणजे अकरा-बारा मिनिटांत पोहोचायचा असेल, तर तो आग लागल्यावर भरून चालणार नाही. फेब्रुवारी ते मे या काळात गावातील एक टँकर रोज संध्याकाळी भरून, तोंड रस्त्याकडे करून उभा ठेवावा.

टप्पा 7: आग लागल्यावरचा क्रम

1. 101 किंवा 112 वर फोन करावा. गावाचे नाव, वस्ती, येण्याचा रस्ता आणि काय पेटले आहे ते सांगून ‘पाणी भरण्याची जागा तयार आहे’ हेही कळवावे.

2. लाईनमनला ठरलेली डीपी बंद करायला सांगावे. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांजवळ पाणी मारू नये.

3. माणसे व जनावरे बाहेर काढली जात असतानाच, वेगळ्या दोघांनी पाणी भरण्याच्या जागी जाऊन पंप सुरू करावा. सगळे गाव आगीकडे धावते आणि विहिरीवर कोणीच नसते, ही सर्वांत मोठी चूक आहे. या दोघांची नावे आधी ठरलेली असावीत आणि त्यांनी शेवटपर्यंत तेथेच थांबावे.

4. एकाने फाट्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवावी आणि दुचाक्या रस्त्यावरून हटवाव्यात. शक्य असेल तेथे टँकर एका रस्त्याने यावेत आणि दुसऱ्या रस्त्याने परतावेत. अरुंद पाणंदीत समोरासमोर आलेले दोन टँकर म्हणजे थांबलेले पाणी.

5. बंब येण्याआधी आगीजवळची टाकी उभी करून पहिला टँकर तिच्यात ओतावा. ओतताना टँकरचे वरचे झाकण उघडावे. ते बंद राहिले तर आत हवा जात नाही आणि धार मंदावते.

6. टाकी निम्म्यावर आली की पंपचालकाने बंबाच्या प्रमुखाला सांगावे. पुढचा टँकर लांब असेल तर एक फवारा बंद करून दुसरा चालू ठेवावा. पाणी पूर्ण संपून दोन्ही बंद होण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

बंब आल्यानंतर आगीवर कोठे आणि कसे पाणी मारायचे हे त्यांच्या प्रमुखाने ठरवावे. गावाने पाण्याची साखळी सांभाळावी.

टप्पा 8: आग विझल्यानंतर

गंजी किंवा पाचट वरून विझलेले दिसले तरी आत धुमसत असते. म्हणून बंब परतल्यावरही एक भरलेला टँकर आणि दोन माणसे रात्रभर तेथे ठेवावीत, आणि जेसीबीने किंवा दाताळ्याने ढीग उकलून आतून भिजवावा.

होज रस्त्यावर ओढत नेऊ नयेत, धुवून सावलीत टांगून वाळवाव्यात. ओल्या गुंडाळलेल्या होज पुढच्या वेळी जोडणीपाशी फुटतात. फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करावी आणि वॉशर तपासून लगेच बदलावेत. उंच टाकीतून पाणी घेतले असेल तर ती भरताना टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून नेहमीप्रमाणे टाकून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या टँकरमध्ये तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी भरले असेल तर तो आतून घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा पिण्यासाठी वापरू नये. ज्यांच्या विहिरीतून किंवा शेततळ्यातून पाणी घेतले, त्यांच्याकडील पातळी आणि लागलेले डिझेल त्याच दिवशी लिहून ग्रामपंचायतीकडे द्यावे, म्हणजे भरपाई वेळेत मिळते आणि पुढच्या वेळी किल्ली मागताना कोणी नाही म्हणत नाही.